मोबाईल धंद्याला जुंपण्याआधी १५ दिवसांची वही

गोव्यातल्या फोंड्यात माझं फ्रीज-एसी दुरुस्तीचं काम आहे. दुकान लहान, मदतीला एक पोरगा, आणि फोन सांभाळायला घरून पत्नी. धंद्यात नव्याने उतरणारी मंडळी अधूनमधून दुकानात येऊन बसतात. कुणी पार्लर काढतंय, कुणी घरातल्या वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या म्हणतंय, कुणी आयटीआय करून प्लंबिंगची कामं घ्यायला लागलाय. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: कुठलं ॲप घेऊ?

माझा आग्रह असा की पहिले १५ दिवस कुठलंच घेऊ नका. वीस-तीस रुपयांची वही घ्या आणि आपल्या धंद्यातून वेळ आणि पैसा कुठे गळतो ते लिहा. गळती सापडली की त्या जागी कुठलं साधन लावायचं ते आपोआप कळतं, आणि त्यातली बहुतेक साधनं फुकट असतात. गळती न बघता घेतलेलं साधन महिनाभर उत्साहाने वापरलं जातं आणि मग फोनमध्ये नुसतं पडून राहतं.

ही सवय मला एका फेरीने लावली. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचा आठवडा. गोव्यात त्या दिवसांत प्रत्येक घराला फ्रीज चालू हवा असतो, कारण घरात माणसं वाढलेली असतात. वाळपईहून फोन आला, "फ्रीज थंड जायना, केन्ना येतलो?" म्हणजे फ्रीज थंड होत नाही, कधी येणार? मी लगेच स्कूटर काढली. उसगाववरून, भर पावसात. जाऊन बघतो तर फ्रॉस्ट-फ्री फ्रीज, वरचा कप्पा थंड, खालचा कोमट, मागच्या कॉइलवर बर्फाचा दगड झालेला. डीफ्रॉस्टचा, म्हणजे साठलेला बर्फ वितळवणारा, हीटर गेला होता. त्या मॉडेलचा हीटर माझ्या पिशवीत नव्हता. परत फोंडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळपई. काम एक, पेट्रोल दोनदा, आणि गाडीवर असताना आलेले फोन उचलता आले नाहीत ते वेगळेच. त्यातल्या एका बाईंना संध्याकाळी फोन केला तर त्यांनी सांगितलं, "दुसरा माणूस येऊन गेला." त्या रात्री मी वहीत पहिली ओळ लिहिली.

पहिली पायरी: वहीत चार रकाने

पहिला रकाना न उचललेल्या फोनचा. फोन किती वाजता आला, आपण किती वाजता उलटा केला, आणि तोवर काम हातातून गेलं होतं का.

दुसरा रकाना वाया गेलेल्या फेरीचा. पार्लरवाल्यांनी इथे रिकामी राहिलेली खुर्ची लिहावी, शिंप्याने "झालं का?" विचारायला येऊन रिकाम्या हाताने परत गेलेलं गिऱ्हाईक लिहावं. शेजारी कारण हवंच. "पार्ट नव्हता", "घरी कुणी नव्हतं", "घर सापडलं नाही", "वेळ विसरलो" अशी दोन-तीन शब्दांत कारणं पुरतात.

तिसरा रकाना पैशाचा. काम झाल्याची तारीख आणि पैसे हातात पडल्याची तारीख. चौथा रकाना गिऱ्हाईक कुठून आलं त्याचा: ओळखीतून, पाटी बघून, की मोबाईलवर शोधून.

१५ दिवसांनी ज्या रकान्यात सगळ्यात जास्त ओळी दिसतील तिथून सुरुवात करा. पुढच्या पायऱ्या मी माझ्या क्रमाने देतोय, तुमचा क्रम तुमच्या वहीने ठरू द्या.

फोन: धंद्याचा नंबर वेगळा

घरचा आणि धंद्याचा नंबर एकच असेल तर आधी तो वेगळा करा. नव्या नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस घाला. हे ॲप २०१८ च्या जानेवारीत आलं, फुकट आहे, आणि साध्या व्हॉट्सॲपच्या शेजारी त्याच फोनमध्ये चालतं, फक्त नंबर वेगळा लागतो. त्यात कामाच्या वेळा, दुकानाची जागा आणि दरांची यादी टाकता येते. एवढं केल्यावर मी आवर्जून तीन गोष्टी बसवायला सांगतो.

एक, वेळेबाहेर जाणारा आपोआप निरोप. त्यात "आम्ही लवकरच संपर्क करू" असलं मोघम लिहू नका. माझा निरोप असा आहे: "रात्री ८ नंतर काम बंद. उद्या सकाळी ९ च्या आत फोन करतो. नाव, गाव आणि वाडा लिहून ठेवा." वाडा म्हणजे आमच्याकडे गावातली वस्ती. आणि सकाळी ९ च्या आत फोन करायचाच. वेळ दिली आणि पाळली नाही तर निरोप न पाठवलेला बरा.

दोन, लेबलं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या चॅटला रंगीत चिठ्ठी लावता येते. मी "पार्ट यायचा", "पैसे बाकी" आणि "उद्या" अशा तीनच ठेवल्या आहेत. रोज रात्री जेवणाआधी "उद्या"वर बोट ठेवलं की दुसऱ्या दिवसाचा रस्ता डोळ्यांपुढे येतो.

तीन, जोडलेली उपकरणं. एकाच नंबरचं व्हॉट्सॲप मूळ फोनशिवाय आणखी ४ उपकरणांवर उघडता येतं. माझ्या पत्नीच्या फोनवर ते उघडलेलं असतं. मी शिडीवर असताना ती उत्तर देते. आमच्या धंद्यात सगळ्यात मोठा फरक कशाने पडला असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगेन. मोबाईल आणि माणूस दोन्ही तेच होते, पण आता उत्तर १० मिनिटांत जातं. फ्रीज बंद पडलेलं घर अर्ध्या तासाहून जास्त वाट बघत नाही. दूध आणि मासळी खराब होत असते.

फेरी वाचवणारा फोटो

वहीत वाया गेलेल्या फेऱ्या जास्त निघाल्या तर ही पायरी नीट वाचा. माझ्या धंद्यात कमाई वाढली ती इथूनच.

गिऱ्हाईक सांगतं "थंड होत नाही", आणि त्याचे किमान पाच अर्थ असतात. म्हणून निघण्याआधी मी तीन गोष्टी मागतो. फ्रीजच्या आत बाजूला मॉडेल नंबरचं स्टिकर असतं, त्याचा फोटो. वरच्या आणि खालच्या कप्प्यात हात घालून कुठला थंड आहे ते एका ओळीत. आणि फ्रीजच्या मागे मोबाईल धरून १५-२० सेकंदांचा व्हिडिओ, आवाजासकट. व्हिडिओत काँप्रेसर सुरू व्हायला बघतो, टक्कन आवाज होतो आणि बंद पडतो, असं ऐकू आलं तर रिले-ओव्हरलोड, म्हणजे काँप्रेसर सुरू करणारा आणि जपणारा पार्ट, पिशवीत टाकतो. वरचा थंड, खालचा कोमट असेल तर डीफ्रॉस्टचं सामान घेतो. एसीसाठी आउटडोअर युनिटचा फोटो मागतो. किनाऱ्यालगत, कळंगुट-मोरजीकडे, खाऱ्या वाऱ्याने कॉइल आणि स्क्रू गंजून गेलेले असतात. तिथे स्क्रू फिरवायला गेलं की तुटतो, आणि दहा मिनिटांचं काम दोन तासांचं होतं. ते फोटोत दिसलं की मी वेळही तसाच राखून ठेवतो.

या तिन्ही मागण्या मी क्विक रिप्लायमध्ये साठवल्या आहेत. एक तिरकी रेघ आणि "फ्रीज" एवढं टाईप केलं की अख्खा निरोप तयार. तो मराठीत आणि इंग्रजीत असा दोनदा ठेवलाय, कारण गिऱ्हाईक पेडण्यातलं असो की भाड्याने राहायला आलेलं दिल्लीचं जोडपं, दोघांनाही समजला पाहिजे. वयस्कर माणूस एकटा असेल तर फोटो मागत बसू नका, फोनवर बोलून विचारा. आजीला फ्रीजमागे वाकायला लावून वाचवलेल्या पेट्रोलला अर्थ नाही.

प्लंबरने गळक्या जागेचा आणि मीटरजवळच्या पाइपचा फोटो मागावा. पार्लरवालीने नवरीच्या केसांचा आजचा फोटो मागावा, म्हणजे रंगाचं सामान आणि वेळ दोन्हींचा अंदाज येतो. शिंप्याला मापाचा जुना ब्लाउज लागतोच, पण गळ्याचं डिझाइन फोटोवर ठरवून घेतलं तर एक खेप वाचते.

गूगलवर दुकान, नकाशावर घर

गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. नाव, कामाचा प्रकार, वेळा, फोन आणि स्वतःच्या कामाचे फोटो. पडताळणीसाठी हल्ली बहुधा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, आतलं सामान, हत्यारं. दुकानाची पाटी लावूनच व्हिडिओ काढा. दुकान नसेल, तुम्ही घरोघरी जाऊन काम करत असाल, तर पत्ता लपवून फक्त कामाचा भाग दाखवता येतो. असे २० पर्यंत भाग देता येतात. पण देता येतात म्हणून सगळा गोवा लिहू नका. मी फोंडा, सत्तरी, डिचोली आणि तिसवाडी एवढंच लिहिलंय. काणकोणहून फोन आला तर मला जाणं परवडत नाही, आणि नाही म्हटलं की समोरचा नाराज होतो.

"गूगलमधून बोलतोय, प्रोफाइल वर आणायला पैसे भरा" असे फोन येतील. ते ठेवून द्या. प्रोफाइलला फी नाही.

अभिप्राय मागायची वेळ एकच: काम झालं, एसीतून गार वारा आला आणि माणूस खूश आहे, तेव्हा. लिंक तिथेच पाठवा. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही आणि गिऱ्हाइकाच्या मनातूनही आपण उतरतो. वाईट अभिप्राय आला तर त्याच दिवशी शांतपणे उत्तर लिहा: काय झालं, आपण काय केलं, पुन्हा कधी येऊ. नवीन माणूस स्टारांपेक्षा ही उत्तरं जास्त बारकाईने वाचतो, हा माझा अनुभव आहे.

आता गोव्यातली खरी अडचण: घर सापडणं. इथे घरं क्रमाने नाहीत, वाड्यावाड्याने पसरलेली आहेत. लोकेशन मागवाच, पण तेवढ्यावर निघू नका. वाड्याचं नाव आणि जवळची खूण विचारा: देऊळ, खुरीस (क्रूस), चण्याचा गाडा, शाळा. सत्तरीत आणि सांगेकडे आतल्या वाड्यांत रेंज मध्येच जाते, नकाशा फिरत राहतो. रेंज असतानाच त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

पैसे: आवाज ऐका, खातं बघा

एनपीसीआय या देशाच्या पेमेंट महामंडळाने यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आणलं, आणि आज फणस विकणाऱ्या बाईकडेही क्यूआर आहे. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या साध्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराला कमिशन नाही. पैसे जमा झाले की बोलणाऱ्या स्पीकरला मात्र बहुतेक कंपन्या महिन्याचं भाडं लावतात, ते विचारून घ्या. दुकानात गर्दी असेल तर स्पीकर उपयोगी. माझ्यासारखं घरोघरी काम असेल तर पाकिटात लॅमिनेट केलेला क्यूआर पुरतो.

नव्या माणसाने चार सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्याव्यात. समोरच्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असं नाही. आपल्या खात्यात जमा दिसल्याशिवाय पिशवी उचलू नये. पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही, कुणी टाकायला सांगितला तर तो फसवतोय. दुकानाबाहेर चिकटवलेला क्यूआर रोज सकाळी स्वतः स्कॅन करून आपलंच नाव येतं का बघावं, कारण वर दुसरं स्टिकर चिकटवण्याचे प्रकार होतात. आणि फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.

धंद्यासाठी वेगळं खातं उघडा. भावाने घरच्यासाठी पाठवलेले पैसे, भिशी आणि गिऱ्हाइकांचे पैसे एकाच क्यूआरवर येत राहिले तर वर्षअखेर तुम्हालाच कळणार नाही की धंदा किती झाला. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, आणि बंगळुरूत कित्येकांनी घाबरून क्यूआर काढून टाकले. क्यूआर काढण्याची गरज नाही. हिशेब वेगळा ठेवा म्हणजे झालं.

जीएसटीची रेषाही इथेच समजून घ्या. गोव्यात सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते. ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांना आहे. माझ्यासारखा माणूस पार्टही विकतो आणि मजुरीही घेतो, त्याला २० लाखच धरायचे. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही. नोंदणी लागली तर ५० लाखांपर्यंतच्या सेवा धंद्याला ६ टक्क्यांची सोपी योजना आहे, पण त्यात गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही. एकदा हिशेबनिसाबरोबर बसून तुमच्यासाठी काय बरं ते ठरवा.

उधारी

घरगुती गिऱ्हाईक सहसा तिथल्या तिथे पैसे देतं. अडकतात ते मोठ्या ठिकाणचे. एका हॉटेलात मी हंगामाआधी सगळे एसी सर्व्हिस करून दिले आणि पैशासाठी पावसाळ्यापर्यंत फेऱ्या मारल्या. मॅनेजर बदलला, नवा म्हणाला कागद दाखवा. माझ्याकडे तोंडी शब्दाशिवाय काहीच नव्हतं.

तेव्हापासून काम सुरू करण्याआधी व्हॉट्सॲपवर लेखी अंदाज जातो: काय काम, किती युनिट, किती रक्कम, पैसे किती दिवसांत. समोरून "ठीक आहे" येईपर्यंत शिडी लावत नाही. काम झालं की युनिटवार फोटो आणि नंबर घातलेलं बिल त्याच चॅटमध्ये. बिलासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, गूगल शीटवर एक नमुना करून पीडीएफ काढली तरी चालते.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. १ जुलै २०२० पासून ती सरकारी संकेतस्थळावर आधारवरून होते आणि पूर्ण फुकट आहे. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट पैसे मागतात, तिथे भरू नका. नोंदणीचा उपयोग फक्त कर्जापुरता नाही. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, आणि करार नसेल तर १५ दिवसांत. थकवले तर व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. मी बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि "४५ दिवसांत देय" अशी एक ओळ छापतो. तक्रार करायची वेळ अजून आली नाही. हिशेब विभागातला माणूस ती ओळ वाचतो आणि बिल वरच्या गठ्ठ्यात ठेवतो.

खोल्या देणाऱ्यांसाठी थोडं वेगळं

घरातल्या खोल्या पाहुण्यांना देणार असाल तर आधी पर्यटन खात्याची नोंदणी, कायदा १९८२ चा आहे. ऑनलाइन जाहिरात टाकण्याआधी ती हवी. परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते, आल्या संध्याकाळीच भरून टाका.

दोन साइटवर खोली लावली तर कॅलेंडर जोडून घ्या, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. एका साइटवरचं बुकिंग दुसरीकडे पोचायला वेळ लागतो. नाताळच्या आठवड्यात तेवढ्यात तीच खोली दुसऱ्याला जाऊ शकते, म्हणून त्या दिवसांत एकच साइट चालू ठेवणं बरं. पाहुण्यांच्या आधारच्या प्रती फोनच्या गॅलरीत साठवत जाऊ नका, क्रमांक झाकलेलं आधार मागा आणि काम झालं की पुसून टाका. तो त्यांचा कागद आहे.

सुरुवातीला काय घेऊ नये

वेबसाइट, स्वतःचं ॲप, महिन्याचं शुल्क असलेलं सॉफ्टवेअर आणि "गिऱ्हाईक आणून देतो" म्हणून प्रत्येक फोनमागे पैसे घेणाऱ्या सेवा. यातलं काही पुढे लागेलही. पहिल्या वर्षी तेवढ्या पैशात वायरीतला करंट मोजायचं चांगलं क्लॅम्प मीटर येतं.

हंगाम आणि यादी

माझ्या धंद्यात मार्च ते मे श्वास घ्यायला वेळ नसतो, जून लागला की एसीचे फोन थांबतात. पार्लरला लग्नसराई, खोल्यांना ऑक्टोबर ते मार्च. गोव्यात सपाट चालणारा सेवा धंदा क्वचितच. म्हणून केलेल्या प्रत्येक कामाची एका शीटमध्ये ओळ करा: नाव, वाडा, मशीन, काय केलं, तारीख, पुढची सर्व्हिस कधी. काम संपल्यावर गाडीवर बसण्याआधी भरा, रात्रीवर ढकललं की राहून जातं.

या यादीतून दोन कामं होतात. जानेवारीच्या शेवटी मी गावानुसार यादी लावतो आणि निरोप पाठवतो: "म्हार्दोळ-मंगेशी भागात ५ ते ८ फेब्रुवारी एसी सर्व्हिस करतोय, वेळ राखून ठेवू का?" एका भागातली घरं एकाच दिवशी झाली की पेट्रोल वाचतं आणि मार्चची झुंबड थोडी अलीकडे सरकते. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) २५६ पर्यंत नावं बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय त्यांनाच निरोप पोचतो. तेव्हा काम झाल्यावर "माझा नंबर सेव्ह करून ठेवा" हे तोंडाने सांगायचं. वर्षाला दोन निरोप पुरे. रोज सुप्रभात पाठवणाऱ्याला लोक ब्लॉक करतात.

दुसरं काम पावसातलं. पदेर, म्हणजे पाववाला, रोज ठरल्या वेळेला भोंपू वाजवत येतो, म्हणून लोक पिशवी घेऊन दारात उभे असतात. तसा भरवसा मला फ्रीजच्या कामात हवा होता. आता जुलैत यादीतले सात-आठ वर्षं जुने फ्रीज निवडतो आणि चवथीच्या तीन आठवडे आधी त्या घरी फोन करतो. निरोप न पाठवता फोनच करतो, कारण त्या घरांत बहुतेक वयस्कर माणसं असतात. "काकी, चवथीआधी एकदा बघून जाऊ का?" दाराचं गॅस्केट, म्हणजे रबरी पट्टी, सैल झालेलं असतं, कॉइलवर धूळ साठलेली असते. किरकोळ काम, किरकोळ पैसे. पण चवथीच्या आदल्या दिवशी भर पावसात दोनदा वाळपई करावी लागत नाही.

तीन महिन्यांनी तीच वही पुन्हा काढा, पुन्हा १५ दिवस तेच चार रकाने भरा आणि जुन्या पानाशेजारी नवं पान ठेवून बघा. ज्या साधनाने एकाही रकान्यातली ओळ कमी झाली नाही, ते फोनमधून काढून टाका.